अकरा वाजून दहा मिनिटं

(दृश्य: टेबल, कोरा कागद, पेन्सिल धरलेला हात)

आजी ७४ वर्षांच्या आहेत. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, म्हणून सुनेनं तपासायला आणलंय. डॉक्टरांनी आधी तीन शब्द सांगितले: आंबा, किल्ली, बस. लक्षात ठेवा म्हणाले. आता घड्याळ काढायचंय, अकरा वाजून दहा मिनिटांचं.

गोल झाला. आकडे भरले. लहान काटा अकराकडे गेला. मोठा काटा मात्र अडला. कानात ‘दहा’ आहे, आणि दहाचा आकडा अकराच्या शेजारीच दिसतोय. बघा, पेन्सिल तिकडं वळली. थांबली. मग दोनवर टेकली.

ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. समोर दिसणारा दहा बाजूला सारायचा आणि दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा, हे मनातल्या मनात जुळवायचं. ऐकलेलं धरून ठेवणं, आखणी करणं, चुकीकडे जाणारा हात आवरणं, सगळं या एका काट्यात तपासलं जातं.

(दृश्य: बागेतला कट्टा, सकाळ. आजोबा खिसे चाचपताहेत)

कट्ट्यावर विसरण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘साठी बुद्धी नाठी.’ ही म्हण फार नुकसान करते. धडधाकट माणूस तिनं घाबरतो, आणि ज्याला खरंच उपचार हवेत त्याला घरचे ‘वय झालं’ म्हणून बसवून ठेवतात.

आजोबांनी चष्मा काढून ठेवला तेव्हा लक्ष पेपरातल्या बातमीत होतं. मेंदूनं ती जागा टिपलीच नाही, तर आठवणार काय? ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर अडतं आणि तो वळणापलीकडे गेल्यावर सुचतं. नाव पुसलं गेलेलं नसतं, ते सापडायला वेळ लागतो. वयाबरोबर हा वेळ वाढतो, इतकंच.

(दृश्य: पाठांतर करणारी शाळकरी मुलगी)

आणि विसरायला म्हातारपण लागत नाही. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी ऐन उमेदीत स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही वेळानं तीच पुन्हा पाठ करायची, आणि किती मेहनत वाचली ते मोजायचं. तासाभरातच ती बचत निम्म्याखाली आली. पुढं घसरण मंदावली. १८८५ साली त्यांनी हे छापलं.

(दृश्य: दंडाला बांधलेली रबरी पट्टी, रक्ताची नळी)

आजींचं रक्त बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी जातंय. बी-१२ भाजी-भाकरीतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, आणि उतारवयात पोटातून ते शोषलंही कमी जातं. शाकाहारी घरांनी ही तपासणी टाळू नयेच. उदासी, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यांनीही माणूस विसराळू वाटतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, कुकर कसा लावायचा तेच न सुचणं, आणि हे आपल्याला न जाणवता घरच्यांनाच दिसणं: असं असेल तर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरकडे जा.

(दृश्य: पुन्हा टेबल)

‘आजी, मघाचे तीन शब्द?’

आंबा. किल्ली.

आजी सुनेकडे बघतात. सून काही सांगत नाही.

(दृश्य: दवाखान्याचा जिना. आजी कठडा धरून उतरताहेत, मधेच थांबतात)

‘बस.’