कुरडयांची राखण आणि आधीची रजा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाच्या सगळ्या ताई, आणि मागे दाराशी घुटमळणारे ते तीन दादा. आत या ना. विषय बायकांचा असला तरी खुर्च्या सगळ्यांच्या आहेत.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रसूतीपूर्व रजा : कायदा आणि वास्तव’. कायद्याकडे येतेच. आधी जरा कुरडयांचं सांगते.

१९९८ साल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, पहिलटकरीण. डॉक्टरांनी तारीख दिली ९ मे. एप्रिलपासून रजा टाकायला एका कार्यालयात गेले, तर तिथले बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, “मॅडम, मेमध्ये सुट्ट्या लागतातच की. आणि मूल तर अजून पोटातच आहे, त्याला सांभाळायचं काय?” (हसू नका, या बाबूंचे वारसदार अजून नोकरीत आहेत.) तीन चकरा मारल्या तेव्हा अर्ज सरकला. पायांना सूज, चपलेचा पट्टा लागत नव्हता, आणि जिना दुसऱ्या मजल्याचा.

मग पारोळ्याला माहेरी आले. आपण मास्तरणी, वेळापत्रकाशिवाय श्वास घेता येत नाही. वहीत तास पाडले : सकाळी फिरणं, मग वाचन, दुपारी विणकाम. लोकरीचा स्वेटर! पारोळ्यात, एप्रिलमध्ये, पारा त्रेचाळिसावर! दोन ओळी विणल्या आणि लोकर घामाने बोटांना चिकटायला लागली. पाचव्या दिवशी पुस्तकं संपली. आजीने शिलाई मशीनवर बसायला बंदी घातली, विहिरीकडे जायला बंदी घातली, उंबऱ्यावर बसायलाही. बसायचं कुठे, ते मात्र कोणी सांगेना.

शेवटी कुरडयांनी सोडवलं. गहू तीन दिवस भिजत पडलेले, रोज पाणी बदलायचं, तरी आंबूस वास घरभर. आई आणि काकूंनी वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. पहाटे चारला चुलीवर हाटायला घेतला, कारण ऊन चढलं की चुलीपाशी बसवत नाही. मला कशालाही हात लावू दिला नाही. वाटीत गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट-मीठ घालून हातात दिला आणि आजी म्हणाली, धाब्यावर (म्हणजे घराच्या सपाट छतावर) जाऊन राखण कर.

म्हणजे मी एम. ए., बी. एड., आठव्या-नवव्या महिन्याची बाई, हातात तुरखाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घेऊन कावळे हाकत बसले. जिन्याच्या सावलीत, जुन्या लुगड्याच्या घडीवर. समोर खाटेवर पांढऱ्या कुरडया, कडा हळूहळू वर वळताहेत. आणि तुम्हाला सांगते, त्या पंधरा दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की पोटातलं लेकरू दुपारी साडेतीनला जागं होतं. म्हणजे मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायची तेव्हा! शाळेत त्या वेळी मी पोरांना वर्गात हाकत असायचे. लक्ष जाणार कधी?

९ मे आली आणि गेली. मग सुरू झालं. दूधवाला, किराणावाला, समोरच्या मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न : “काय व माय, आजून नही?” जसा काही निकाल अडकवून ठेवलाय मी! आता ही तारीख म्हणजे काय, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवायचे. बेरीज आहे हो, मुहूर्त नाही. अगदी त्याच दिवशी येणारी बाळं थोडीच. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होणं हे नेहमीचंच, डॉक्टरांचं लक्ष असलं म्हणजे झालं. माझी लेक १७ तारखेला आली. कुरडयांचा डबा तोवर भरून फडताळात गेला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर कायदा. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला १९२९ साली. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पुढे १९६१ चा देशभराचा कायदा आला, बारा आठवड्यांचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले, आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. ‘येतात’ म्हणजे सक्ती नाही. तिथेच गोम आहे. आधी घेतली तर बाळासाठी उरणार किती, या हिशेबाने आपल्या पोरी कळा सुरू होईपर्यंत टेबलावर बसतात. आणि घरचे कौतुक करतात, शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होती हो! माझं म्हणणं एवढंच की नंतरची रजा बाळाची असते. आधीची मात्र आईची, आणि तीच आपण वाचवायला बघतो. ज्या अडलेल्या असतील त्यांचं मी समजू शकते. पण निदान दोन आठवडे?

आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांत जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांना तर रजा हा शब्दच लागू नाही. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. त्यात किती दिवसांची मजुरी भरून निघेल, तुम्हीच हिशोब करा. यावर वेगळं व्याख्यान लागेल, अध्यक्ष पुन्हा बोलावणार असतील तर.

दुसरी चिठ्ठी. थांबते. तिसऱ्या रांगेतल्या त्या ताई मघापासून पदराने वारा घेताहेत, कोणीतरी तो पंखा त्यांच्याकडे वळवा. कितवा, ताई? आठवा? रजा टाकली का?