विंडोज फोन: चांगला होता, मग चालला का नाही?

(पडद्यावर: पिवळ्या पाठीचा लुमिया ५२०. अंगठा फिरतो तशा चौकोनी टाइल्स वर-खाली सरकतात.)

हा नोकियाचा लुमिया ५२०. आत मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज फोन’ ही प्रणाली. २०१३ साली भारतात आला तेव्हा किंमत साधारण साडेदहा हजार रुपये. रॅम फक्त ५१२ एमबी. पुढे कॅमेरा नाही, मागे फ्लॅश नाही. पण चालवून बघा, कुठे अडकत नाही. त्या काळात या किमतीतले बरेचसे अँड्रॉइड फोन गॅलरी उघडतानासुद्धा धापा टाकायचे. इथे फोटो काढायला वेगळं बटण, इंटरनेट नसतानाही चालणारे नकाशे, आणि कंटाळा आला की पाठ बदलून फोनचा रंगच बदलायची सोय. विंडोज फोनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं मॉडेल हेच.

तेव्हा ‘फोन भंगार होता म्हणून बुडाला’ हे उत्तर बाजूला ठेवू.

(पडद्यावर: २००७ ते २०१० हा काळ दाखवणारी पट्टी.)

आयफोन आला २००७ मध्ये. त्याचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन बाजारात उतरला. विंडोज फोन ७ यायला २०१० ची दिवाळी उजाडली. आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं, ते मिळालं पुढच्या मार्चमध्ये. शिवाय अँड्रॉइड फुकट, आणि विंडोज वापरायचं तर फोन बनवणाऱ्या कंपनीने मायक्रोसॉफ्टला पैसे मोजायचे. सॅमसंग, एचटीसी यांनी एखाद-दुसरं मॉडेल काढलं, पण जीव ओतला तो अँड्रॉइडमध्येच. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोजचा हात धरला. नोकियाचे नवे प्रमुख स्टीफन एलॉप हे आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमधून तिथे गेले होते, त्यामुळे या सोयरिकीवर तेव्हा बरीच कुजबुज झाली.

आता ॲप्सकडे येऊ.

२०१२ मध्ये विंडोज फोनच्या स्टोअरमध्ये लाखभर ॲप्स झाली. आकडा मोठा आहे. पण लाख ॲप्स वापरतो कोण? रोजच्या वापरातली असतात दहा-बारा, आणि त्यातलं एक जरी नसलं तरी मित्रांच्या घोळक्यात आपण वेगळे पडतो. इन्स्टाग्राम आयफोनवर २०१० पासून होतं. विंडोजवर आलं नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही अर्धवट, व्हिडिओशिवाय. स्नॅपचॅट तर कधी आलंच नाही.

आणि यूट्यूब? ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. गूगलने विंडोज फोनसाठी नीट ॲप काढलं नाही, म्हणून मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच ते बनवलं. त्यात जाहिराती दिसत नव्हत्या आणि व्हिडिओ उतरवून घेता येत होते. गूगलने लगेच नोटीस धाडली. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्ट सुधारित ॲप घेऊन आलं, तर गूगलने दोन-तीन दिवसांत तेही बंद पाडलं. गूगलचं म्हणणं, ॲप एचटीएमएल ५ मध्येच, म्हणजे वेबपानांच्या भाषेतच हवं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर, तुमची आयफोनवरची आणि अँड्रॉइडवरची ॲप्स तरी कुठे त्यात आहेत? कायद्याने कोण बरोबर, हा वाद घालता येईल. पण लुमिया घेतलेल्या माणसाला त्याचं काय? त्याला यूट्यूब हवं होतं, आणि त्याची किल्ली प्रतिस्पर्ध्याच्या खिशात होती.

इथवरचं दुखणं बाजारात उशिरा येणाऱ्या कुणालाही होईल. गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. मायक्रोसॉफ्टकडे पैसा होता, दम होता, त्यामुळे ही कोंडी फुटली असती असं मला वाटतं. २०१३ च्या अखेरीस युरोपातल्या पाच मोठ्या बाजारांत मिळून विंडोज फोनचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास पोचलाही होता. घात झाला तो दुसऱ्याच गोष्टीने.

(पडद्यावर: लुमिया ९००. त्यावर ‘एप्रिल २०१२’ हा शिक्का.)

हा लुमिया ९००. अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये गाजावाजा करून आणला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केला आणि सांगितलं, आत्ता ज्यांच्या हातात विंडोज फोन आहेत, त्यांच्यावर तो चालणार नाही. दोन-अडीच महिन्यांत नवाकोरा फोन जुना! तांत्रिक कारण खरं होतं. आतला गाभाच बदलला होता. पण ज्याने शेजाऱ्याला ‘तूही विंडोजच घे’ म्हणून सांगितलं असेल, त्याने आता कुठल्या तोंडाने बोलावं?

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१० मध्येही विंडोज मोबाइल या मायक्रोसॉफ्टच्या आधीच्या फोन-प्रणालीची ॲप्स नव्यावर चालली नव्हती. आणि शेवटचंही नव्हतं. २०१४ मध्ये कंपनीने सांगितलं, विंडोज फोन ८ वरच्या सगळ्या लुमियांना विंडोज १० द्यायचा विचार आहे. मार्च २०१६ मध्ये यादी लागली, तर त्यात आपला ५२० नाही आणि ४१ मेगापिक्सेलवाला १०२० सुद्धा नाही. ॲप बनवणाऱ्यांची तीच गत. ॲप लिहायचं तंत्रच दर वेळी बदलायचं: आधी सिल्व्हरलाइट शिका, मग विनआरटी, मग यूडब्ल्यूपी. मूठभर गिऱ्हाइकांसाठी तेच ॲप किती वेळा लिहायचं?

एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या उपकरणांसाठी परवाना फुकट केला. भारतात मायक्रोमॅक्स आणि कार्बननेही विंडोज फोन काढले. त्याच महिन्यात नोकियाचा फोन धंदा पूर्णपणे मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आला. जुलै २०१५ मध्ये या व्यवहारापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले गेले. वर सात हजार आठशे नोकऱ्या गेल्या.

मग नव्याला वाव नसतोच का? जिओफोन बघा. त्यातली कायओएस ही प्रणाली २०१७ मध्ये आली तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, ते आलं सप्टेंबर २०१८ मध्ये. तरी फोन खपला. पंधराशे रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या या फोनची स्पर्धा साध्या बटणांच्या फोनशी होती, आयफोनशी नव्हे.

(पडद्यावर: मायक्रोसॉफ्टचं सूचनापत्रक.)

विंडोज १० मोबाइलला मिळणारी कंपनीची अपडेट्स जानेवारी २०२० मध्ये थांबली. उरल्यासुरल्या ग्राहकांनी पुढे काय करावं, याचा सल्ला मायक्रोसॉफ्टने आधीच छापून ठेवला होता: अँड्रॉइड किंवा आयफोन घ्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतःचा नवा फोन विकायला काढला, सरफेस ड्युओ. त्यात अँड्रॉइड होतं.