नजर बसेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. काही वर्षांपूर्वी रावेरजवळच्या केळीच्या एका बागेत मी एकाच घडाची पंधरा-वीस छायाचित्रे काढली आणि खुशीत घरी आलो. संगणकावर मोठी करून पाहिली, तर प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकची काळी नळी आडवी गेलेली! नळी काही लपलेली नव्हती. मी घड पाहत होतो, चौकट पाहतच नव्हतो. तेव्हापासून बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवून घेण्याची सवय मी स्वतःला लावली आहे.

बारकावे टिपायचे असतील, तर आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून दहा मिनिटे एकाच वस्तूसमोर उभे राहावे. पहिल्या मिनिटात घड नुसता हिरवा आणि जड दिसतो. मग लक्षात येते की प्रत्येक केळाच्या टोकाला वाळलेल्या फुलाचा काळा तुरा अजून चिकटून आहे, केळफुलाची जांभळी पाकळी कडेने मागे वळली आहे आणि वाऱ्याने पान फाटले आहे ते शिरांच्या रेषेतच. नंतर पाठ फिरवून पाहिलेले सारे आठवावे. जे आठवत नाही, तेच पुन्हा पाहायचे.

ज्यांची कबर भुसावळला आहे, ते ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवत होते. त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. याच गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही काढली. मला त्यांचे स्मरण होते ते एवढ्यासाठी, की न पाहताही छायाचित्र निघून जाते, पण न पाहता रेघ ओढता येत नाही. म्हणून नवशिक्यांना मी आधी एखादे पान पेन्सिलीने, वेडेवाकडे का होईना, काढायला सांगतो.

उजेडाचेही तसेच आहे. आपल्याकडचे वैशाखातले दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि पोत पुसून टाकते. याउलट सकाळच्या तिरप्या उन्हात उमललेल्या बोंडातला कापूस तंतूतंतूने सुटा दिसतो आणि त्यात अडकलेला पानाचा चुराही नजरेत भरतो, जो कापसाचा व्यापारी एरवीही सर्वांत आधी हेरतो. मोबाइल मात्र फार जवळ नेऊ नये, चित्र धूसर येते. थोडे मागे सरून काढावे आणि नंतर कातरावे.

त्या बागेत मी पुन्हा गेलो, तेव्हा चौकट नीट पाहिली आणि नळी हाताने बाजूला सरकवली. बागेच्या मालकांनी काही न बोलता ती पुन्हा जागेवर आणून ठेवली, कारण पाण्याचा थेंब बुंध्याशीच पडायला हवा होता.