पिनांगच्या अलीकडे उतरा: तैपिंगमध्ये दोन रात्री

मंडळी, नमस्कार.

क्वालालंपूरहून उत्तरेला जाणाऱ्या ईटीएस या विजेवरच्या जलद गाडीत आपण बसतो ते पिनांगसाठी. वाटेत तीन-साडेतीन तासांनी तैपिंग येतं आणि उतरणारे थोडेच असतात. पेराक राज्यातल्या या गावाला दोन रात्री द्या, असा आज माझा आग्रह आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं केलं तर हाती फार काही लागत नाही, कारण हे गाव पावसाच्या आणि भरतीच्या वेळा पाळतं.

इथे वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरात याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत. तैपिंगला तो वर्षभर येतो, आणि बहुधा दुपारनंतर. समुद्रावरचे वारे मागच्या लारूत डोंगररांगेला अडतात, त्यामुळे सकाळ स्वच्छ आणि तीन-चारला धो धो. म्हणून उघड्यावरचं सगळं दुपारी बारापर्यंत उरकायचं. जून-जुलै त्यातल्या त्यात कोरडे.

पहिल्या सकाळी सातलाच तळ्यांच्या बागेत जा. कथलाच्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी भरून १८८० मध्ये ही बाग झाली. काठावरची प्रचंड झाडं म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष, पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसतो तोच. इथे मात्र त्याच्या फांद्या रस्ता ओलांडून थेट पाण्याला टेकल्या आहेत. संध्याकाळी पानं मिटतात, म्हणून मलय लोक त्याला ‘पुकुल लिमा’, म्हणजे ‘पाच वाजले’, म्हणतात. बागेपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, दुसऱ्या महायुद्धातली दफनभूमी आहे. हिंदी सैन्यातले जवानही तिथे आहेत आणि कित्येक शिळांवर नावच नाही. तिथे घाई करू नका. पाऊस आला की १८८३ चं पेराक संग्रहालय गाठा. डोंगरावर, बुकित लारूतला, जायचं असेल तर रस्ता चालू आहे का हे आधी विचारा. दरडींमुळे तो बंद पडतो.

खरं पाहण्यासारखं आहे ते पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या क्वाला सपेतांगला. याचं जुनं नाव पोर्ट वेल्ड. मलेशियातली पहिली रेल्वे १८८५ मध्ये तैपिंगहून इथवर धावली, कथील बंदरात पोचवायला. आता रूळ नाहीत, स्थानकाची पाटी तेवढी उरली आहे.

भोवती मातांगचं सुमारे ४०,००० हेक्टर कांदळवन. गेली शंभराहून अधिक वर्षं ते तोडतात आणि तरी ते टिकलं आहे. ठरावीक तुकडा तीस वर्षांनी तोडायचा, पुन्हा रोपं लावायची. पंधराव्या वर्षी विरळणी: १.२ मीटरची काठी घ्यायची, चांगल्या झाडाभोवती फिरवायची आणि तेवढ्या घेरात येणारी बाकीची झाडं काढायची. विसाव्या वर्षी हेच १.८ मीटरच्या काठीने. निघालेले वासे बांधकामाला जातात. कोकणात खारफुटीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही काठी पाहून यावी, असं मला मनापासून वाटतं.

मोठी लाकडं कोळशाच्या भट्ट्यांत जातात. भट्टी विटा-मातीची, घुमटासारखी. ओंडके साधारण १.६ मीटरचे, साल सोललेले, आत उभे रचतात. प्रत्येकाखाली मातीचा तुकडा, म्हणजे गरम हवा बुडाशीही फिरते. जाळ तोंडाशीच घालतात, ओंडक्यांना लावत नाहीत. आधी आठ-दहा दिवस लाकडातलं पाणी निघतं, मग तोंड अरुंद करून आणखी बारा-चौदा दिवस मंद आच, शेवटी सगळं लिंपून आठवडाभर थंड करायचं. केव्हा काय करायचं, हे कारागीर धुराच्या वासावरून ओळखतो. लिंपण तडकून हवा आत शिरली तर कोळशाऐवजी राख हाती येते. चाळीस टन ओल्या लाकडाचा कोळसा होतो जेमतेम दहा टन.

भट्टीवर सकाळीच जा, आधी परवानगी घ्या, गडद कपडे आणि बंद बूट घाला. जाताना टॅक्सी ॲपवर मिळते, परतीला मिळेलच असं नाही. त्याच चालकाशी परतीची वेळ ठरवून घ्या. सुट्या रिंगिटच्या नोटा जवळ हव्यात.

शाकाहारींसाठी थोडं. नुसती पालेभाजी मागवली तरी तीत बलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असू शकते. सांबालमध्येही, म्हणजे मिरचीच्या चटणीतही, बहुधा ती किंवा सुकी मासळी असते. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. ‘ताक माऊ इकान, उदांग, बलाचान’, म्हणजे मासे, कोळंबी, बलाचान नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. रोती चनाई, म्हणजे पराठ्यासारखी पोळी, घेतलीत तर तिच्याबरोबर डाळ मागा, पण तीत माशाचा रस्सा मिसळलेला नाही ना, हे विचारून घ्या.

दुसऱ्या रात्री होडीतून काजवे बघायचे. ते ‘बरम्बांग’च्या झाडांवर बसतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरवलेली पांढरी चिप्पी याच कुळीतली. हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. चांदणं असेल तर ते फिके पडतात, म्हणून प्रवास ठरवताना घरातलं कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, चिलटं फार चावतात. विजेरी आणि फ्लॅश बंद. ओहोटीला खाडीचे फाटे उथळ होतात आणि होडी आत जात नाही. तेव्हा निघायची वेळ नावाड्यालाच ठरवू द्या आणि जेवण त्याच्या आधी उरका.