कॉफीचा सौदा : कोण थांबू शकतो?

(दृश्य : पिकलेल्या लाल फळांनी भरलेली पोती, बाजूला वजनकाटा)

तोडलेलं कॉफीचं फळ रात्रभर पोत्यात राहिलं, तर आंबायला लागतं. दाण्याला धरलेला तो आंबूस वास भाजल्यावरही जात नाही. म्हणून त्याच दिवशी गर काढायचा, दाणा धुवायचा आणि पुढचे एक-दोन आठवडे उन्हात हलवत वाळवायचा. पल्पर (गर काढायचं यंत्र), स्वच्छ पाणी किंवा वाळवणाची जागा, यांतलं एक जरी नसलं तरी शेतकरी बहुतेकदा फळंच विकून मोकळा होतो. संध्याकाळी, समोर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने.

साधारण सहा किलो फळांतून एक किलो हिरवा दाणा निघतो. नीट वाळलेला हा दाणा कोरड्या गोदामात महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे वाट पाहण्याची सोय व्यापाऱ्याकडे आणि घाई शेतकऱ्याकडे.

सौदा राजीखुशीने झाला, कोणी जबरदस्ती केली नाही, असं मुक्त बाजाराचे समर्थक सांगतात. ते खोटं नाही. पण एकाला आज रात्रीच्या आत विकायलाच हवं आणि दुसऱ्याचं उद्या घेतलं तरी भागतं, तिथे त्या होकाराला आम्ही फार मोल देत नाही. त्यात खतासाठीची उचल त्याच व्यापाऱ्याची असली, तर माल दुसऱ्याला दाखवायची सोयही उरत नाही.

अरेबिका या कॉफीच्या जातीचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच पक्का करणाऱ्या बाजारात, ठरतो. तिथला एक करार ३७,५०० पौंड वजनाचा, म्हणजे सुमारे १७ टनांचा. कित्येक लहान शेतकऱ्यांचं वर्षाचं पीक एक टनही भरत नाही. त्यामुळे निर्यातदार वायदा विकून भाव पडण्याचा धोका टाळतो, शेतकरी तो अंगावर घेतो.

१९६२च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने देशांना निर्यातीचा कोटा ठरवून दिला होता. त्या काळातही वाढीव भावाचा मोठा वाटा अनेक देशांत सरकारी मंडळं आणि निर्यातदारांनीच ठेवून घेतला. तरी भावाला आधार होता. जुलै १९८९मध्ये कोटा मोडला आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्मा झाला. २००१मध्ये तो पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. नव्या झाडाला पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे भाव पडला म्हणून लगेच बाग उपटता येत नाही.

(दृश्य : सहकारी संस्थेचं धुलाई केंद्र)

फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्र योजनेत धुतलेल्या अरेबिकाला ऑगस्ट २०२३पासून पौंडाला १.८० डॉलरचा किमान भाव आहे, वर २० सेंट जादा (प्रीमियम). हा भाव शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला बंदरावर मिळतो. प्रक्रिया आणि वाहतूक वजा जाऊन उरेल ते शेतकऱ्याचं. आमच्या मते याहून मोलाची अट वेगळी आहे : संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची.

कारण संस्था बुडतात त्या अनेकदा रोकडीच्या टंचाईपायी. धुलाई केंद्र उभं राहतं, पण पैसे निर्यातीनंतर, दोन-तीन महिन्यांनी मिळणार असतात. सभासदाला तोडणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यायची असते, म्हणून तो गुपचूप व्यापाऱ्याकडे जातो. भाव चढला की हेच उलट्या बाजूने घडतं. कोलंबियात २०२१मध्ये बऱ्याच शेतकऱ्यांनी आधी ठरलेल्या कमी भावाचा माल दिलाच नाही, आणि फटका त्यांच्याच सहकारी संस्थांना बसला.

म्हणून संस्थेला यंत्रं घेण्याआधी एका हंगामाचं खेळतं भांडवल लागतं. माल आणला त्या दिवशी पहिला हप्ता, आणि विक्री झाल्यावर त्या वेळच्या भावाने उरलेला.