थंडी वाजणारा देव

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला 'निसर्गातला आणि ऋतूंमधला देव' असा विषय दिला. तो ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा धबधबा आला असेल, कासचं पठार आलं असेल, धुक्यातला हरिश्चंद्रगड आला असेल. मी मात्र तुम्हाला आज आधी पंढरपूरच्या गाभाऱ्यात नेणार आहे. तिथे आकाश दिसत नाही, झाड नाही, वारा तर नाहीच. तरी ऋतू म्हणजे काय ते कळायला महाराष्ट्रात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

गुढीपाडव्याला विठ्ठलाची चंदनउटी सुरू होते. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हाचा देवाला त्रास होऊ नये म्हणून रोज उगाळलेलं चंदन त्याच्या अंगाला लावतात, आणि हे मृग नक्षत्र लागेपर्यंत चालतं. पुढे कार्तिकी उरकली, थंडी पडायला लागली की देवाच्या कानांना कानपट्टी बांधतात, अंगावर शाल येते. वसंत पंचमीला पांढरा पोशाख येतो, त्यावर गुलाल उधळतात, आणि रंगपंचमीपर्यंत विठोबा त्या पांढऱ्या वेषात असतो. म्हणजे वर्षभर या काळ्या पाषाणाला उकडतं, गारठतं, फाल्गुनात त्याला रंग खेळावासाही वाटतो.

सुशिक्षित माणसाला याचं हसू येतं. ज्यानं ऋतू निर्माण केले त्याला थंडी कशी वाजेल? प्रश्न तर्काला धरून आहे. पण ज्यांनी ही कानपट्टी पहिल्यांदा बांधली त्यांना एवढा तर्क कळत नव्हता, असं समजणं म्हणजे आपल्याच आज्या-पणज्यांना अडाणी ठरवणं आहे. देव निर्गुण आहे, सर्वव्यापी आहे, हे त्या रोज कीर्तनात ऐकत होत्या. ते ऐकून घरी जायच्या आणि देवघरातल्या बाळकृष्णाला दुलई पांघरायच्या. दोन्ही त्यांना एकाच वेळी चालत होतं.

आता आषाढीची गंमत बघा. या एकादशीचं नाव देवशयनी. शास्त्राप्रमाणे या दिवशी विष्णू झोपी जातात ते थेट कार्तिकातल्या प्रबोधिनीला उठतात. चार महिने पाऊस, चार महिने देवाची झोप. आणि नेमक्या याच यात्रेला पंढरपुरात काय करतात? देवाचा पलंग काढून ठेवतात! शेजारती बंद, काकडा बंद. पाठीशी लोड देतात आणि चोवीस तास दर्शन सुरू. पंचांग म्हणतं देव झोपला, आणि पंढरपूर म्हणतं लेकरं पावसात भिजत चालत आलीत, आता कसली झोप. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्यानं स्नान, पायांना लिंबू-साखर चोळायची, शिणवटा गेला पाहिजे म्हणून रात्री काढा द्यायचा. आपण पावसात भिजून आलो की घरातलं मोठं माणूस जे हातात देतं, तेच.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे, पुढचं सगळं त्याचा विस्तार समजा. निसर्गात देव बघायच्या दोन रीती आपल्याकडे आहेत. एकीत देव ऋतूंच्या मागे उभा असतो. सूर्योदय बघायचा, फूल बघायचं आणि म्हणायचं, अहाहा, काय त्या निर्मात्याची किमया. रीत चांगली आहे, जुनी आहे, माझी तिच्याशी तक्रार नाही. पण ती फार करून सुट्टीच्या दिवशी सुचते. ऋतू गोड असेल तेव्हाच सुचते. दुसऱ्या रीतीत देव आपल्यासोबत ऋतू भोगत असतो. ऊन त्याला लागतं, पाऊस त्याला लागतो. आपल्या मातीतली माणसं बहुतेक या दुसऱ्या रीतीनं जगली, आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

सावता महाराज याच जिल्ह्यातल्या अरणचे. तेराव्या शतकातले, नामदेवांच्या काळातले. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' हे त्यांचं वचन आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता कानाला काहीच होत नाही. त्यातल्या भाज्यांकडे जरा बघा. कमळ नाही, पारिजातक नाही. कांदा आहे, मुळा आहे, पुढे लसूण-मिरची-कोथिंबीर आहे. ज्याला पाणी द्यावं लागतं, खुरपावं लागतं, जे एका गारपिटीत जातं, ते. सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले असं परंपरा सांगते, आणि आजही आषाढीनंतर विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. भक्तानं काम सोडलं नाही, तेव्हा देवाला भर पावसाळ्यात बाहेर पडावं लागलं.

जिथे असं घरचं नातं असतं तिथे भांडणही असतं. पाऊस लांबला की आपल्या कितीतरी गावांत महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवतात, गाभाराच पाण्यानं भरतात. कुणी म्हणेल हा अभिषेक आहे. आहेच. पण करणाऱ्याच्या मनात थोडा रागही असतो. तू पाऊस पाडत नाहीस ना, मग बैस पाण्यात. धोंडी निघते, अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेलं पोर दारोदार फिरतं, बायका त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात, तेही प्यायला पाणी नसताना. 'धोंडी धोंडी पाणी दे' ही आर्जवी प्रार्थना खरी, पण म्हणायचा सूर मात्र घरच्या माणसाकडे मागण्याचा. सौंदर्य बघायला गेलेला माणूस देवाशी असा भांडू शकेल का, मला शंका आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता अवघड भागाकडे येतो, आणि त्यासाठी तुम्हाला नृसिंहवाडीला नेतो.

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं मंदिर आहे, नरसोबाची वाडी. मंदिर इतकं नदीजवळ आहे की दर पावसाळ्यात पाणी आत येणार हे ठरलेलं. इतरत्र मंदिरात पुराचं पाणी शिरलं तर ती आपत्ती. वाडीला तो सोहळा आहे! पाणी गाभाऱ्यात शिरून दत्तपादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडू लागलं की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला दुरून माणसं येतात. पाणी चढताना एकदा, उतरताना पुन्हा. चढता दक्षिणद्वार, उतरता दक्षिणद्वार. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात, पादुका मात्र पाण्याखाली राहतात, आणि पूजा वर चालू असते.

ज्यांनी हे मंदिर तिथे बांधलं, वाढवलं, त्यांना नदी ठाऊक नव्हती का? काठावर राहणाऱ्याला पूर कुठपर्यंत येतो हे बरोबर माहीत असतं. तरी देव तिथेच राहिला. पंढरपुरातही पुंडलिकाचं मंदिर चंद्रभागेच्या पात्रात आहे, मोठा पूर आला की ते बुडतं. नदीनं यायचं, देवाला भिजवायचं, गाळ ठेवून जायचं, आणि माणसांनी तो गाळ उपसून पुन्हा आरती करायची. हे वर्षाचं चक्र आहे आणि देव त्याच्या आत आहे.

पण 2019 चा ऑगस्ट आठवा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, दावणीला बांधलेली जनावरं गेली, उसात पाणी कुजलं. पुन्हा 2021 च्या जुलैत तेच. आता त्या माणसासमोर उभं राहून निसर्गातल्या देवाबद्दल काय बोलायचं? ही देवाची लीला आहे, असं मी म्हणणार नाही. कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मला ते निर्दय वाटेल. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव घ्या. 30 जुलै 2014 ला डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. आदल्या दिवशीपर्यंत त्या डोंगराकडे बघून कुणाला प्रसन्न वाटत असेल. किमया बघणारी रीत इथे गप्प होते, आणि तिनं गप्पच व्हावं.

दुसऱ्या रीतीकडे तरी उत्तर आहे का? 'का झालं' याचं उत्तर तिच्याकडेही नाही, मी उगाच आव आणत नाही. तिच्याकडे फक्त एवढं आहे की तिचा देव काठावर उभा राहून पूर बघत नव्हता, तो पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर वाडीच्या माणसांनी घरातला चिखल काढला आणि देवळातलाही काढला, एकाच फावड्यानं. दुःखात याची किती सोबत होते, हे ज्याचं घर गेलं त्यानंच सांगावं. आणि हेही खरं की आजचा पूर निव्वळ निसर्गाचा राहिलेला नाही. धरणांतून किती पाणी सोडलं, कधी सोडलं, पूररेषेत कुणी भराव टाकला, यांचा त्यात वाटा असतो. तिथे देवाचं नाव घेऊन माणसाची चूक झाकू नये.

आता थोडं डोंगरावर. सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून अभ्यासकांचं लक्ष तिकडे वळलं. वाघजाई, काळकाई, सोमजाई, भैरोबा, म्हातोबा... एकेका राईचा एकेक मालक. तिथली काटकी उचलायची नाही, वाळलेलीसुद्धा. गावाला अगदीच निकड पडली तर देवाला कौल लावायचा, त्यानं दिला तर घ्यायचं. म्हणून तिथे मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल अजून दिसते, बेहड्याचे म्हातारे वृक्ष दिसतात आणि उन्हाळ्यातही झऱ्याला पाणी दिसतं. खाली दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी आहे. ती वारुळाच्या रूपात पुजली जाते. मातीचं वारूळ, वाळव्यांनी उभारलेलं, हीच देवी.

यातल्या कितीतरी देवांना छप्पर नव्हतं. देवीला छप्पर चालत नाही, असं गावकरी सांगायचे. शनिशिंगणापूरचा शनी आजही उघड्यावर आहे. ऊन, पाऊस, दव सगळं अंगावर. मला हे फार मोठं वाटतं. ज्या देवाला छप्पर नाही त्याच्यासाठी झाडं राखावी लागतात, कारण झाडं हेच त्याचं घर.

आणि आता आपण काय करतो आहोत? जीर्णोद्धार. मुंबईत चार पैसे मिळवलेली गावची मंडळी भक्तीनंच वर्गणी काढतात, त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण सामान न्यायला रस्ता लागतो, रस्त्याला झाडं आड येतात. मग स्लॅब पडतो, फरशी बसते, रंगीत कळस चढतो, सभामंडपाला पत्रा येतो. देवीला पावसापासून वाचवलं म्हणून सगळे समाधानी. राई गेलेली असते. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की ती वर्गणी राईच्या गडग्याला लावा, झऱ्याच्या दुरुस्तीला लावा. पण मला कुणी विचारत नाही, व्याख्यानाला बोलावतात.

शेवटचा मुद्दा पंचांगाचा, तो सांगतो आणि थांबतो. आपले महिने चंद्राचे, ऋतू सूर्याचे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणजे दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे पडणारं. तसंच सोडलं असतं तर काही वर्षांत आषाढी कडक उन्हात आली असती. म्हणून दोन-अडीच वर्षांनी, कधी त्याहून थोड्या उशिरानं, अधिक महिना घालतात. सण ऋतूपासून सुटू नयेत म्हणून आपल्या पूर्वजांनी एवढं गणित मांडलं. जावयांना त्या महिन्यात अनारसे मिळतात हा नुसता वरचा फायदा.

2023 ला श्रावण अधिक आला. 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण, आणि त्यानंतर निज श्रावण, सणांचा. गणित बिनचूक होतं. पण तो ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नागपंचमी आली, नांगर धरायचा नाही हा नेम पाळला गेला, आणि कित्येक शिवारांत तसंही धरण्यासारखं काही नव्हतं.

कोकणात बऱ्याच घरांत गौर तेरड्याची असते. मुखवटा नाही, मूर्ती नाही. बायका-पोरी पाणवठ्यावर जातात, मुळासकट तेरडा उपटतात, तीच गौर म्हणून वाजतगाजत घरी आणतात. तिचं येणं अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, जाणं मूळ नक्षत्रावर. ही नक्षत्रं पंचांगकर्ते पुढच्या शंभर वर्षांची आज काढून देतील. तेरडा मात्र पावसावर उगवतो. आभाळातली तारीख आणि जमिनीतलं रोप एका दिवशी जुळलं की गौर घरात येते. आजवर ते जुळत आलं आहे. पुढे किती जुळेल ते हवामानाच्या अभ्यासकांना विचारायला हवं, आणि पुढच्या रांगेत कृषी विद्यापीठातली काही मंडळी बसलेली मला दिसताहेत. तेव्हा माईक आता त्यांच्याकडे द्या.