किनाऱ्यावरून दिसणारं जहाज

[पहाट. रामकुंड. दुतोंड्या मारुती.]

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकमेकांना एकच विचारतात, पाणी कुठपर्यंत आलं? उत्तर क्युसेकमध्ये कोणी देत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं. छातीपर्यंत आलं. दोन तोंडांचा हा मारुती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. बाहेरगावचा माणूस याच मारुतीपुढे उभा राहून सेल्फी काढतो, आणि त्यात वावगं काही नाही. त्याला नदी आज सकाळपुरतीच हवी आहे.

ही फिल्म बेटांविषयी आहे. घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावात बसून बेटांविषयी बोलणं जरा आगाऊपणाचंच. आमच्याकडे बेट म्हणजे आधी बांबूचं, शेताच्या कडेला वाढलेलं. समुद्रातलं बेट आम्हाला भेटलं ते शाळेत, आणि तेही आमच्याच गावच्या कवीमुळे.

[शाळेचा वर्ग. रिकामे बाक.]

कुसुमाग्रजांचं ‘कोलंबसाचे गर्वगीत’. ‘विशाखा’ १९४२ साली आला, आणि तेव्हापासून किती पिढ्यांनी ही कविता हातवारे करत म्हटली असेल, मोजदाद नाही. वादळ, शिडं, खवळलेला समुद्र आणि त्याला आव्हान देणारा माणूस. त्या कवितेत किनारा हा समुद्राचा कमीपणा आहे. समुद्राला किनारा असतो, माणसाच्या जिद्दीला नसतो. काळ पारतंत्र्याचा होता, कोलंबस तिथे निमित्तमात्र. आज त्या कवितेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे शहाणपणाचा आव आणणं होईल. मी तरी ते करणार नाही. मला ती अजून पाठ आहे.

पण १२ ऑक्टोबर १४९२ ला ते जहाज बहामाच्या एका बेटाला लागलं, तेव्हा किनाऱ्यावर माणसं उभी होती. त्यांना हे गाणं कसं ऐकू आलं असेल? बाकावर बसून हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पडायला आधी बेटावरची माणसं लिहिती व्हावी लागली.

[वाचनालय. कपाटं. पंख्याचा आवाज.]

कॅरिबियन समुद्रात अँटिग्वा नावाचं लहानसं बेट आहे. कोलंबस १४९३ मध्ये त्याच्या जवळून गेला आणि जाता जाता नाव ठेवून गेला. याच बेटावर १९४९ साली लेखिका जमैका किंकेड जन्मली. सोळा-सतराव्या वर्षी घरच्यांनी तिला अमेरिकेत मुलं सांभाळायच्या कामाला पाठवलं. १९८८ मध्ये तिने आपल्या बेटावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘अ स्मॉल प्लेस’. त्यात ती पर्यटकाला सरळ ‘तुम्ही’ म्हणून समोर बसवते. तुम्ही विमानातून उतरता. स्वच्छ ऊन बघून खूश होता. सुट्टीचे चार दिवस पाऊस नको, एवढंच तुमचं मागणं. आणि हे तुम्ही मागता कुठे, तर जिथे पाऊस हुलकावणी देतो आणि गोड्या पाण्याची कायमची टंचाई असते अशा बेटावर.

येवला-नांदगावकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे ती हॉटेलातल्या संडास-मोरीच्या पाण्याची गोष्ट काढते. ते जातं कुठे? तुम्ही ज्यात डुंबताय त्याच समुद्रात. पुस्तक रागाने लिहिलेलं आहे. तो राग मला काही ठिकाणी एकांगीही वाटतो. आलेला प्रत्येक पाहुणा काही मठ्ठ नसतो. पण तिच्या एका मुद्द्याला बगल देता येत नाही. ती म्हणते, कंटाळा आला की चार दिवस कुठेतरी जावं असं जगातल्या प्रत्येक गावकऱ्याला वाटतं. फरक एवढाच, की बहुतेकांना ते परवडत नाही. म्हणून आलेल्या पाहुण्याकडे ते ज्या नजरेने बघतात, तिच्यात थोडा हेवा असतो.

आणखी एक जागा या पुस्तकात आहे, ती वाचताना मी या वाचनालयात थांबलो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. अँटिग्वाच्या राजधानीतल्या वाचनालयाची इमारत १९७४ च्या भूकंपात मोडली. पाटी लागली: दुरुस्ती व्हायची आहे. किंकेड पुस्तक लिहायला बसली तरी पाटी तिथेच. हॉटेलं मात्र त्या काळात उभी राहत होती.

[गोदाघाट. दिवे.]

त्याच कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावरचा कवी डेरेक वॉलकॉट. १९९२ चं नोबेल. त्याच्या ‘ओमेरोस’ या दीर्घकाव्याच्या सुरुवातीलाच एक कोळी पर्यटकांसमोर उभा आहे. त्यांच्या कॅमेऱ्यांकडे बघून हसतो. वर थोडे पैसे मिळाले की गंजलेल्या नांगराने झालेला पायावरचा व्रणही दाखवतो. जखम बरी कशाने झाली, ते मात्र सांगत नाही. काही गोष्टी डॉलरपेक्षा महाग असतात, एवढंच म्हणतो.

नोबेल घेताना वॉलकॉटने जे भाषण केलं, ते कुठून सुरू होतं माहीत आहे? रामलीलेपासून. त्रिनिदादमधलं फेलिसिटी नावाचं गाव. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची नातवंडं-पणतवंडं तिथे राम-रावणाचं युद्ध उभं करतात. वॉलकॉट ते बघायला गेला. त्याला वाटलं, हे कुठल्यातरी हरवलेल्या देशाच्या आठवणीचं नाटक, एक विलापिका. मग त्याच्या लक्षात आलं, त्या पोरांना काहीच हरवल्यासारखं वाटत नव्हतं. ती नाटक करत नव्हती, त्यांचा त्यावर सरळ विश्वास होता. आपण चुकीचं वाचलं, असं तो भर सभेत कबूल करतो. कॅरिबियनमध्येच जन्मलेला, वाढलेला कवी आपल्याच समुद्रातल्या दुसऱ्या बेटावर, तासाभरासाठी का होईना, पर्यटक झाला होता.

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला हे भाषण वाचताना कसंतरी होतं. आमच्याकडे रामाचं सगळं दाखवायचंच असतं. सीतागुंफा, काळाराम, तपोवन. रिक्षात बसवून दोन तासांत. दाखवता दाखवता आमचाही त्याच्याशी संबंध दाखवण्यापुरताच उरला आहे का, ते रिक्षावाल्याला विचारायचं धाडस मला झालं नाही.

[टूर कंपनीच्या दुकानाबाहेरची पाटी: अंदमान, ५ रात्री ६ दिवस.]

आता आमचं बेट. नाशिकजवळचं भगूर हे सावरकरांचं गाव. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, खटले चालले, आणि १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं विनायकराव अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये होते. थोरले बाबाराव आधीच तिथे. ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये आली. मराठी वाचकाला अंदमान माहीत झालं ते कोठडी आणि कोलू यांतून. त्या पुस्तकाची ताकद अशी, की आजही नाशिकहून जाणारी माणसं अंदमानला ‘फिरायला चाललो’ असं सुरुवातीला म्हणत नाहीत. दर्शनाला चाललो, म्हणतात. कोठडीपुढे डोळे पुसतात. दुसऱ्या दिवशी राधानगर बीचवर भिजतात. दोन्ही खरं.

पण कोठडी आणि बीच यांच्या मधलं अंदमान आमच्या कपाटात नाही. जानेवारी २०१० मध्ये तिथे बोआ सीनियर नावाच्या आजी वारल्या. ‘बो’ ही ग्रेट अंदमानी आदिवासींची एक भाषा, ती बोलणाऱ्या त्या शेवटच्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज, त्यांची गाणी टिपून ठेवली आहेत. बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून आजी पक्ष्यांशी बोलायच्या. बेटाचं साहित्य म्हटल्यावर आपण छापील पुस्तकं शोधतो. ग्रेट अंदमानी लोकांचं साहित्य तोंडी होतं, आणि ते सांगणाऱ्यांबरोबर गेलं. इंग्रजांची वसाहत झाल्यावर रोगराई गेली ती त्यांच्याकडेच.

अंदमानातले जारवा आदिवासी अजून आहेत. त्यांच्या राखीव जंगलातून अंदमान ट्रंक रोड जातो. बाराटांगच्या गुहा बघायला पर्यटकांच्या गाड्या ताफ्याने याच रस्त्याने नेतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, असे नियम आहेत. तरी २०१२ मध्ये जगभर एक व्हिडिओ फिरला. खाऊच्या बदल्यात जारवा बायकांना नाचायला सांगणारा आवाज त्यात होता. हिंदीत. तो कोणाचा, हे शोधत बसण्यापेक्षा तशा गाडीत खिडकीजवळ बसलेले आपण काय केलं असतं, हे मला जास्त छळतं.

[समुद्र. लांबून एक होडी.]

मग काय, जाऊच नये? असं म्हणणं सोपं आहे, कारण त्याची किंमत आपल्याला पडत नाही. मालदीवमध्ये १९७२ ला पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि बेट निर्मनुष्य निवडायचं. पाहुणा आठ दिवस राहून जाई, आणि कामगार सोडले तर मालदीवचा माणूस त्याला भेटतही नसे. पुढे वस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाउस चालवायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे पैसा थेट गावातल्या घरात येऊ लागला. २०२० मध्ये कोविडमुळे सरहद्द काही महिने बंद होती. तेव्हा कळलं, पाहुणा नसला की चूल थंड. पाहुण्याचा राग आणि पाहुण्याची वाट, दोन्ही एकाच घरात नांदतात. एपेली हाउओफा हे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या वंशाचे लेखक या कोंडीकडे वेगळ्या बाजूने बघत. पॅसिफिकमधली बेटं चिमुकली आणि लांबची आहेत, असं खंडातल्या लोकांनी ठरवलं. तिथल्या माणसांना समुद्र हाच रस्ता होता आणि समुद्र हेच अंगण. त्यांना लहान म्हटलं, की त्यांनी पाहुण्यावरच जगावं हे आपोआप ठरून जातं.

[रामकुंड. सकाळचे आठ.]

आम्हाला कोणी लहान म्हणत नाही. पण शनिवारी मुंबईच्या गाड्या मिसळीला आणि वायनऱ्यांना आल्या की गंगापूर रोडवर आम्हीच परके होतो. सिंहस्थ जवळ आला की शहराची मापं पाहुण्याच्या आकाराने काढली जातात. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा बेत कळला, तेव्हा २०२५ च्या अखेरीस माणसं त्या झाडांना धरून उभी राहिली. त्यांतली कित्येक कुंभाला अंघोळीला जाणारीच होती.

शेवटचा शॉट घ्यायला आम्ही मारुतीपाशी तिवई लावली. फुलांच्या द्रोणांची टोपली घेऊन बसलेल्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या.

“कुठून आलात दादा?”

“इथलाच मी, मावशी. सिडकोतला.”

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“इथलेच, तर मग शूटिंग कशाला करता?”

आणि एक द्रोण पुढे केला. “वीस रुपये.”